लवाटे समोरून नाचतात

रंगनाथ लवाटे नाचाकडे वळले ते कलेच्या ओढीने नव्हे, सवलतीच्या ओढीने. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे त्यांच्याबद्दल "मुळातच अंगात कला होती हो" असं सोसायटीत बोललं जाऊ लागलं, आणि लवाटेही ते ऐकून नाही म्हणेनासे झाले.

झालं असं, की कर्वेनगरातल्या सौजन्य सोसायटीच्या फलकावर, पाण्याची वेळ बदलल्याच्या सूचनेखाली एक गुलाबी कागद लागला. नृत्यातून व्यायाम, शनिवार-रविवार सकाळी, सोसायटीच्या हॉलमध्ये, पती-पत्नी दोघे आल्यास दुसऱ्याला निम्मी फी. द्वारकाबाई त्याच दिवशी नाव घालून आल्या. लवाट्यांनी तो कागद चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला आणि रात्री जेवताना विषय काढला, "निम्मी फी वाया जाते आहे."

"कशी जाईल? मी एकटीच जाणार आहे," द्वारकाबाई म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी. सवलत आहे आणि आपण ती घेत नाही. याला वाया जाणंच म्हणतात."

द्वारकाबाईंनी वाद घातला नाही. त्यांना तेवढीच सोय हवी होती. भोसरीच्या कारखान्याने लवाट्यांना स्वेच्छानिवृत्ती दिल्यापासून (स्वेच्छा कारखान्याची, निवृत्ती लवाट्यांची) ते दिवसभर घरात सापडत होते. तिकडे जन्मभर ते तपासणी विभागात. शेजारी नमुना ठेवायचा, समोर माल ठेवायचा, नमुन्याबरहुकूम असेल तो घ्यायचा, नसेल तो परत पाठवायचा. कारखाना सुटला तरी तपासणी सुटली नव्हती. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधलं अंतर समान का नाही, कालच्या पोळीहून आजची पोळी लहान कशी, असले शेरे रोज मिळू लागले होते. एकदा तर त्यांनी तिसरी पोळी ताटातून परत पाठवली. त्या दिवशी द्वारकाबाई, "तुम्हाला पीएमटीत बसवून भोसरीला सोडून येते," असं म्हणाल्या होत्या. त्या मानाने नाच बरा.

शिकवायला येणारी अपेक्षा मूळची धायरीची. शनिवार-रविवार नाच आणि सोमवार ते शुक्रवार हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम. म्हणजे तीही तपासणी विभागातलीच. हे कळल्यावर लवाट्यांना तिच्याविषयी आदर वाटला. तो पहिल्या तासाच्या दहाव्या मिनिटापर्यंत टिकला.

हॉलला आरसे नव्हते. त्यामुळे अपेक्षा वर्गाकडे तोंड करून उभी राहायची, तोंडाने "राइट हँड अप" म्हणायची आणि स्वतःचा डावा हात उचलायची. समोरच्यांना तो त्यांच्या उजवीकडे दिसायचा, ते उजवा उचलायचे आणि सगळं सुरळीत व्हायचं. जगातले सगळे नाच शिकवणारे असंच करतात म्हणे. लवाट्यांनी डावा उचलला. ते द्वारकाबाईंच्या उजव्या हाताला उभे होते. द्वारकाबाईंचा उजवा हात वर जात होता, लवाट्यांचा डावा वर जात होता, आणि दोन कोपरांची मध्ये गाठ पडली.

"काका, राइट, राइट," अपेक्षा म्हणाली.

"तुम्ही डावा उचललात."

"हो, पण मी तुमच्यासाठी उलटं करते ना. तुम्ही फक्त मला मिरर करा."

"म्हणजे तुम्ही जे सांगता ते करायचं, की तुम्ही जे करता ते करायचं?"

अपेक्षा गोंधळली. असा प्रश्न तिला हिंजवडीतही कुणी विचारला नव्हता. "जे दिसतंय ते करा ना काका, सिंपल."

बस्स. लवाट्यांना लेखी आदेश मिळाल्यासारखं झालं. जे दिसतंय ते. नमुन्याचा डावा हात वर आहे, मग मालाचाही डावाच वर हवा. बाकीचे सगळे आपल्या सोयीने उजवा उचलतात, हा त्यांचा ढिलेपणा. असल्या ढिलेपणामुळेच कारखाने बंद पडतात, असं त्यांनी घरी येताना जिन्यात द्वारकाबाईंना समजावलं. द्वारकाबाई कोपर चोळत होत्या.

पुढच्या रविवारीही तेच. वर्ग उजवीकडे सरकला की लवाटे डावीकडे सरकायचे. वर्गाने गिरकी घेतली की लवाटे उलटी गिरकी घेऊन पुन्हा द्वारकाबाईंसमोर यायचे. एकदा तर दोघांची कपाळंच एकमेकांवर आदळली. सोसायटीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. ज्याला भेटावं तो "नाचता येईना अंगण वाकडं" ही म्हण ऐकवायचा, आणि ती आपल्यालाच सुचली अशा थाटात हसायचा. सेक्रेटरी शंभूराव पाठकांनी तर ती दूधवाल्यासमोर ऐकवली.

लवाट्यांचा अपमान झाला. पण अपमान झाला म्हणून रुसून बसणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. ते आरोप तपासून बघणारे होते. ते शेजारच्या बांधकामावर गेले, गवंड्याकडून पाणसळ मागून आणली आणि हॉलच्या फरशीवर ठेवून पाहिली. बुडबुडा मध्ये थांबेना. अंगण खरोखरच वाकडं होतं. दक्षिणेकडे चांगला उतार होता. त्यांनी त्याच दिवशी सोसायटीला अर्ज दिला की म्हणीतला पूर्वार्ध वादग्रस्त असला तरी उत्तरार्ध सिद्ध झाला आहे, सबब फरशीची दुरुस्ती करावी. पाठकांनी अर्जावर 'पाहिले' असा शेरा मारून सही केली. ते प्रकरण अजून प्रलंबित आहे.

शेवटी अपेक्षाने गोडीगुलाबीने मार्ग काढला. "काका, तुम्ही सीडी प्लेअर सांभाळाल का? मला मध्येच बटण दाबायला जावं लागतं, फ्लो तुटतो."

याला बढती म्हणायचं की हकालपट्टी, हे लवाट्यांना ठरवता येईना. सीडी प्लेअरचं टेबल अपेक्षाच्या शेजारी, वर्गाकडे तोंड करून. खुर्ची मिळाली होती, पण फीमध्ये काही फरक नव्हता. द्वारकाबाईंच्या उजव्या हाताची जागा रिकामी झाली. लवाट्यांना वाईट वाटलं. सवलतीसाठी ते गेले होते हे खरं, पण दोन-तीन रविवारांत त्यांना बायकोच्या शेजारी उभं राहणं आवडू लागलं होतं. आजवर दोघं शेजारी शेजारी असे उभे राहिले होते ते फक्त लग्नांच्या रिसेप्शनच्या रांगेत, आणि तिथेही लक्ष पुढच्याच्या पाकिटाकडे.

तरी ते खुर्चीवर बसले नाहीत. फी भरलेली होती. टेबलामागे उभं राहून, कुणाचं कोपर मध्ये येत नसल्यामुळे अगदी मोकळेपणी, ते अपेक्षाच्या प्रत्येक हालचालीची बरहुकूम नक्कल करत राहिले. तिचा डावा तर यांचा डावा. बघायला कोणी नव्हतं, असं त्यांना वाटत होतं.

श्रावण लागला आणि गणपतीच्या कार्यक्रमाचे वारे वाहू लागले. वर्गातल्या बायकांनी कोळीनृत्य करायचं ठरवलं. पुण्याला समुद्र नाही, म्हणूनच पुण्यातल्या दर सोसायटीत दर गणपतीला कोळीनृत्य होतं. मुंबईकडचे लोक एवढं करत नसतील. लवाट्यांनी मंडईजवळच्या बुरूड आळीतून घासाघीस करून टोपल्या आणल्या. मग टोपल्यांत थर्मोकोलचे मासे ठेवायचे की नाहीत यावर सभा झाली. गणपतीसमोर मासे नकोत, असा एक पक्ष. मासे नसतील तर ते कोळी कसले, भाजीवाले होतील, असा दुसरा. दोन तासांनी ठराव झाला की टोपल्या फडक्याने झाकाव्यात आणि आत काय आहे ते प्रेक्षकांनी आपापल्या श्रद्धेनुसार समजून घ्यावं.

तालीम रंगात आली आणि एका शनिवारी अपेक्षा पेढे घेऊन आली. कंपनी तिला ऑनसाइट पाठवत होती. अमेरिकेला. बुधवारीच.

"सॉरी काकू, पण स्टेप्स तर सगळ्या झाल्याच आहेत. तुम्ही रॉक करणार," ती म्हणाली. बायकांनी पेढे खाल्ले, तिच्या डोक्यावरून हात फिरवले, अमेरिकेत लोणचं मिळतं की नाही याची चौकशी केली. आपलं काय होणार हे कोणाच्या लक्षात आलं नाही. ते पुढच्या तालमीला आलं.

वर्गात सगळ्यांत छान नाचायची ती सोनू. नागपूरकडची, नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्यात आलेली, हसरी आणि उत्साही मुलगी. साहजिकच तिला पुढे उभं केलं. ती वर्गाकडे तोंड करून उभी राहिली, "राइट" म्हणाली आणि तिने उजवा उचलला. तिला उजवाच शिकवला होता. समोरच्या निम्म्या बायकांनी तिचं ऐकून उजवा उचलला, निम्म्यांनी तिच्याकडे बघून डावा. टोपल्यांवर टोपल्या आदळल्या.

"काय करून राहिले तुम्ही सगळे?" सोनू म्हणाली.

"तू काय करतेयस ते आधी बघ," कोणीतरी म्हणालं.

मग ती पाठ करून उभी राहिली. आता हात जुळले, पण मागे कोण चुकतंय ते तिला दिसेना. बघायला मान वळवली की तिचंच पाऊल चुकायचं, आणि तिची पाठ आहे म्हटल्यावर मागच्या रांगेत साबुदाण्याच्या भावावर चर्चा सुरू व्हायची. आठवडाभरात नाचाचा पार बोजवारा उडाला. उलटं करून दाखवायचा तिने घरी सराव केला, तर तिला सुलटंही येईनासं झालं. ती बिचारी रडकुंडीला आली. सेक्रेटरी पाठकांनी कार्यक्रमपत्रिकेत कोळीनृत्याच्या जागी 'मधुमेह: समज आणि गैरसमज' हे आपल्या मेहुण्याचं व्याख्यान पेन्सिलीने लिहूनही ठेवलं.

ते कळलं त्या संध्याकाळी द्वारकाबाईंनी भाजी करपवली. असं कधी होत नसे. लवाटे करपलेली भाजी काही न बोलता खाऊ लागले, तेव्हा त्याच बोलल्या.

"सातवीत असताना संमेलनात माझी निवड झाली होती. नाचात. बाबांनी शाळेत जाऊन नाव काढून घेतलं. आपल्यात नाचत नाहीत म्हणाले. मी पडद्याच्या दोऱ्या ओढायला होते."

"मला कधी बोलली नाहीस."

"त्यात बोलायचं काय?" त्या म्हणाल्या. "यंदा वाटलं होतं, होतंय. जाऊ दे. व्याख्यान तर व्याख्यान."

लवाट्यांनी हातातला घास खाली ठेवला. पोळी परत पाठवणारा माणूस आपण, आणि इतकी वर्षं शेजारी काय घेऊन ही बाई जगली ते आपल्या तपासणीत कधी आलंच नाही, याची त्यांना लाज वाटली. काहीतरी करायला हवं होतं. काय, ते मात्र सुचेना.

मार्ग निघाला तो गोदाबाईंमुळे. गोदाबाई म्हणजे चेअरमन रावसाहेबांच्या आई. सोसायटी जिथे उभी आहे ती जमीन यांची, तिथे पूर्वी यांची ज्वारी होती, आणि जमिनीच्या मोबदल्यात मिळालेल्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये त्या आता नातवंडांसकट राहायच्या. नऊवारी नेसून, पदर खोचून त्या मागच्या रांगेत नाचायच्या आणि कधी चुकायच्या नाहीत. नाचाचा बोजवारा उडाला होता त्या आठवड्यातही त्या एकट्या बरोबर होत्या. पुढच्या तालमीला सोनू हताश होऊन खाली बसली, तेव्हा त्या मागून म्हणाल्या,

"त्या टेपवाल्या भावजींना उभं करा की म्होरं."

कोणाला कळेना.

"अवो, मी पयल्यापासनं त्यांच्याकडंच बघून नाचतीय. ती पोरगी लई भराभरा करायची. हे कसं, सावकाश करत्यात. आणि त्येंचं बरोबर हाय."

सगळा वर्ग टेबलामागच्या लवाट्यांकडे बघू लागला. लवाट्यांचा हात सीडी प्लेअरवर होता तो तिथेच राहिला. बघायला कोणी नव्हतं, ही त्यांची समजूत त्या क्षणी संपली.

"लावा गाणं," द्वारकाबाई म्हणाल्या. "आणि या पुढे."

लवाटे पुढे आले. त्यांनी डावा उचलला. समोर सगळ्यांचा उजवा वर गेला. ते डावीकडे झुकले, समोरची अख्खी रांग त्यांच्याबरोबर त्याच भिंतीकडे झुकली. त्यांनी वल्हं मारलं, समोर वल्ही चालू लागली. गाणं संपेपर्यंत एकही टोपली दुसरीवर आदळली नाही.

यात चमत्कार काही नव्हता, हे लवाट्यांनी नंतर जिन्यात भेटेल त्याला सविस्तर सांगितलं. बाकी सगळ्यांनी विद्यार्थ्यांचा नाच शिकून घेतला होता. लवाट्यांनी हटवादीपणाने शिकवणाऱ्याचा शिकला होता. ती जे करायची तेच, त्याच बाजूने, तसंच्या तसं. म्हणजे अपेक्षा अमेरिकेला गेली तरी तिचा नमुना सोसायटीतच राहिला होता. "तपासणी विभागात नमुना कधी हलवत नाहीत," असं ते वर म्हणायचे.

आता अडचण उरली होती ती पाठकांची. त्यांनी नियमावली काढली. हॉलमध्ये वर्ग घ्यायचा तर शिक्षक त्या विषयात पात्र हवा आणि पात्रतेचा दाखला हवा, असं एक कलम होतं. ते कलम पाठकांनी स्वतःच, कराटे शिकवणाऱ्या एका मुलाला पळवून लावण्यासाठी घातलं होतं.

"नाचाचा दाखला आणा, हॉल घ्या," ते लवाट्यांना म्हणाले. "आमचं वैयक्तिक काही नाही."

लवाट्यांकडे दोनच दाखले होते. यंत्र अभियांत्रिकीची पदविका, आणि तिला जोडून गुणवत्ता नियंत्रणाच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. ते दोन्ही त्यांनी छायाप्रतींसह सादर केले. पाठकांनी ते नाकावरचा चष्मा खाली घेऊन वाचले.

"यात नाच कुठे आहे?"

"गतिमान भागांची तपासणी असा विषय आहे. दुसऱ्या पानावर."

प्रकरण चेअरमनकडे गेलं. रावसाहेब मोठे मोकळे गृहस्थ. त्यांनी कागद न बघताच पाठकांना विचारलं, "शंभूराव, नाच बंद पडला तर माझ्या आईला काय सांगायचं, ते तुम्ही सांगनार का? तिनं टोपली रंगवून ठेवली हाय."

पाठक गोदाबाईंना काही सांगायला तयार नव्हते. दाखला मंजूर झाला. सोसायटीच्या दफ्तरात आजही 'नृत्यशिक्षक: लवाटे (मेकॅनिकल)' अशी नोंद आहे.

शिक्षक म्हणून लवाटे कसे होते? कडक होते. उशिरा येणाऱ्याला ते दारात थांबवायचे. ज्या बाईचं पाऊल चुकेल तिला "परत" एवढंच म्हणायचे, आणि परतचा माल परत येईपर्यंत हलायचे नाहीत. बायका कुरकुरल्या, पण नाच सुधारत गेला. द्वारकाबाईंना त्यांनी पहिल्या रांगेत मधोमध उभं केलं. यावर वशिलेबाजीची कुजबुज झाली. लवाट्यांनी ती ऐकली आणि जन्मात प्रथमच एका आरोपाची तपासणी करायचं टाळलं.

अडचण एकच होती. त्या सगळ्या जणी आता लवाट्यांकडे बघूनच नाचायच्या. ते समोरून दूर झाले की गाडी रुळावरून घसरायची. तेव्हा असं ठरलं, की कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी मंचाच्या खाली, प्रेक्षकांकडे पाठ करून, एका स्टुलावर उभं राहून सोबत नाचायचं. लवाट्यांनी अट घातली की आपल्यावर दिवा नको. आपण दिसता कामा नये. घरातलं कोळीनृत्य वेगळं, आणि कारखान्यातले जुने सहकारी, व्याही आणि दूधवाला यांच्यादेखत स्टुलावरचं कोळीनृत्य वेगळं. पाठकांनी आनंदाने कळवलं की त्यांच्यावर दिवा टाकण्याचा सोसायटीचा कोणताही विचार नव्हता.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी पार्किंगमधला मांडव खच्चून भरला. मंचावर मागे पांढरा पडदा, पुढे बायका, लुगडी चापूनचोपून नेसलेल्या. द्वारकाबाईंनी केसांत अबोलीचा गजरा घातला होता. लवाटे स्टुलावर चढले. मागून कोणीतरी "ओ, बसा खाली, दिसत नाहीये" असं म्हणालं. त्यांनी लक्ष दिलं नाही. गाणं सुरू झालं. डावा. समोर उजवा. सगळं नमुन्याबरहुकूम.

आणि लाइट गेले.

भारनियमनाच्या वेळापत्रकात ती वेळ नव्हती. लवाट्यांनी ते दारामागे चिकटवून पाठ केलेलं होतं. पण वीज वेळापत्रक वाचत नाही. गाणं मध्येच तुटलं. मांडवात काळोख, लहान मुलांचा गलका, पाठकांचा "शांतता राखा, जागेवरून हलू नका" असा आवाज. मंचावरची पावलं थबकली.

लवाटे थबकले नाहीत. थांबा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. कारखान्यातही भोंगा होईपर्यंत ते हातातलं काम खाली ठेवत नसत. ते काळोखात, स्टुलावर, मोठ्याने ताल मोजत वल्हं मारत राहिले. आणि मोजता मोजता त्यांच्या लक्षात आलं, की समोरून बांगड्यांचा आवाज येतो आहे. एकाच बाईच्या हातांचा. तालात.

तेवढ्यात फाटकाजवळ रावसाहेबांनी आपली जीप वळवली आणि तिचे दिवे सरळ मंचावर सोडले.

लोकांनी काय पाहिलं, ते पुढे बरेच दिवस सांगत होते. मंचावर सगळ्या बायका टोपल्या घेऊन जागच्या जागी उभ्या, आणि मधोमध एकट्या द्वारकाबाई नाचताहेत. आणि त्यांच्या मागे पांढऱ्या पडद्यावर, मंचाच्या छतापर्यंत पोचलेली, रंगनाथ लवाट्यांची प्रचंड सावली. चष्म्यासकट, शर्टाच्या खिशातल्या पेनासकट. तिचा हात ज्या बाजूला वर जायचा, त्याच बाजूला द्वारकाबाईंचा जायचा. दोघं एकदम झुकत होती, एकदम वळत होती. आपण दिसता कामा नये म्हणणारा माणूस अख्ख्या कर्वेनगराला दिसत होता.

मग गोदाबाईंनी मागच्या रांगेतून खड्या आवाजात गाणं उचललं, सोनूने टोपली सावरली, आणि सगळी रांग पुन्हा चालू लागली. प्रेक्षक टाळ्यांनी ताल धरू लागले. दूधवाला खुर्चीवर उभा होता. शेवटी टाळ्या थांबेनात, तेव्हा पाठक ध्वनिक्षेपकावर आले. तो बंद होता. ते तरीही त्याच्यातच बोलले, "लवाटे यांनी कृपया स्टूल परत करावे."

घरी आल्यावर द्वारकाबाई गजरा काढत बसल्या होत्या. लवाट्यांनी पाण्याचा पेला त्यांच्यासमोर ठेवला. असंही पूर्वी कधी झालं नव्हतं.

"काळोखात सगळ्या थांबल्या," ते म्हणाले. "तू थांबली नाहीस. काही दिसत नव्हतं, मग कोणाकडे बघत होतीस?"

"बघायचं कशाला? तुम्ही थांबला नसणार, हे मला माहीत होतं."

पेला रिकामा झाल्यावर त्यांनी तो धुऊन ठेवला.

गणपती गेले, तसे रोज दोन-चार जण दार वाजवू लागले. आता सकाळी बायकांचा वर्ग असतो आणि रविवारी पुरुषांचा, त्यात रावसाहेब आहेत आणि मागच्या रांगेत, आपण केवळ देखरेखीसाठी आलो आहोत असं सांगणारे पाठकही आहेत. अपेक्षा अमेरिकेहून नव्या स्टेप्सच्या सीडी पाठवते. टीव्हीच्या पडद्यावर ती जे करेल ते लवाटे तसंच्या तसं उतरवून घेतात.

वर्गाला जाण्याआधी, चहा उकळेपर्यंत, ती नवी पावलं ते स्वयंपाकघरात द्वारकाबाईंना दाखवतात. पहिले काही दिवस दोघं हौसेने ओट्यापाशी शेजारी शेजारी उभे राहिले. साखरेचा डबा पडला. दुसऱ्या दिवशी कोपरं लागली. लवाट्यांनी सुलटं शिकायचा मनापासून प्रयत्न केला, पण ते त्यांना आजतागायत जमलेलं नाही आणि आता जमेल असं वाटत नाही.

"राहू द्या," एके दिवशी द्वारकाबाई चहाखालचा गॅस बारीक करत म्हणाल्या. "शेजारी नाही जमत आपल्याला. समोर या."

ते समोर गेले. त्यांनी डावा हात उचलला, द्वारकाबाईंनी उजवा, आणि चहा उतू गेला.